बहात्तरच्या जोड्या किती? संख्येचे सगळे विभाजक, एकही न सुटता

ज्यांनी तीसपर्यंत पाढे पाठ केले आहेत, त्यांची आणि ७२ ची जुनी ओळख आहे. आठ नव्वे बहात्तर, नऊ आठे बहात्तर, बारा सक बहात्तर, अठरा चोक बहात्तर, चोवीस त्रिक बहात्तर. पाढे म्हणताना ही संख्या पुन्हा पुन्हा भेटते. पण पाचवी-सहावीतल्या मुलाला ‘७२ चे सगळे विभाजक लिही’ असं सांगा आणि वहीकडे बघा. ८, ९, १२, ६, २, ३६... मग पेन थांबतं. मूल मान वर करून विचारतं, ‘झाले का सगळे?’

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलाला गुणाकार येतो, भागाकार येतो, पाढेही येतात. सगळे विभाजक सापडले की नाही, हे मात्र त्याला स्वतःला ठरवता येत नाही. उत्तर बरोबर आहे का, हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. विभाजक आठवतील तसे लिहिले तर असंच होणार. ते जोडीजोडीनं आणि क्रमानं शोधले, तर काम कुठे संपतं ते कागदच दाखवतो. ती पद्धत इथे पहिल्यापासून सांगतो. भागाकार येणाऱ्या कुणालाही ती जमेल.

आधी दोन शब्द

एखाद्या संख्येला ज्या संख्येनं भागल्यावर बाकी ० उरते, म्हणजे निःशेष भाग जातो, ती तिची विभाजक. बीजगणितात आणि ‘मूळ अवयव’ म्हणताना आपण त्यालाच अवयव म्हणतो. ज्या दोन संख्यांचा गुणाकार दिलेल्या संख्येइतका होतो, ती झाली विभाजकांची जोडी.

जोडी का, तर विभाजक कधी एकटा येतच नाही. ७२ ला ४ ने भागलं, १८ आले, बाकी ०. या एका भागाकारात ४ हा विभाजक मिळाला आणि त्याच्यासोबत १८ हाही मिळाला. भाजक एक, भागाकार दुसरा. मुलं इथे ४ तेवढा लिहितात आणि १८ सोडून देतात. मग तो १८ पुन्हा वेगळा शोधायला निघतात आणि अर्धे वेळा तो राहून जातो. म्हणून पहिली सवय ही लावा: एक सापडला की त्याचा जोडीदार त्याच क्षणी, त्याच ओळीत लिहायचा.

अगदी लहान मुलांसाठी कागद-पेन नंतर. आधी चिंचोके घ्या. १२ चिंचोके द्या आणि ते आयतात मांडायला सांगा, प्रत्येक रांगेत सारखे. एका रांगेत १२, दोन रांगांत ६-६, तीन रांगांत ४-४. झाले तीन आयत. १२ च्या जोड्या तीनच. पाच रांगा करून बघितल्या तर दोन चिंचोके उरतात, म्हणजे ५ हा विभाजक नाही. मग ७ चिंचोके द्या. कितीही हलवले तरी एकच लांबलचक रांग होते. मूळ संख्येची व्याख्या पाठ करण्याआधी ही रांग हाताखालून गेली, तर पुढे ती व्याख्या समजावून सांगावी लागत नाही. चार रांगांत तीन-तीन हा वेगळा आयत आहे का, असं मुलं विचारतातच. तो आधीचाच आयत आहे, फक्त आडवा झालेला. ३ × ४ आणि ४ × ३ ही एकच जोडी धरायची.

आता ७२ ची मांडणी

कागदावर मधोमध एक उभी रेघ मारा. डावीकडे लहान संख्या येईल, उजवीकडे तिचा जोडीदार. सुरुवात नेहमी १ पासून. १ हा प्रत्येक संख्येचा विभाजक असतो आणि त्याची जोडी ती संख्या स्वतः. ही ओळ इतकी सोपी आहे की सगळ्यात जास्त वेळा तीच लिहायची राहते.

१ × ७२
२ × ३६
३ × २४
४ × १८
(५ जात नाही)
६ × १२
(७ जात नाही)
८ × ९

डावीकडे १ नंतर २, २ नंतर ३ असं एकही संख्या न गाळता जायचं. भाग जातो का बघायचं, गेला तर जोडी लिहायची, नाही गेला तर पुढे. सुरुवातीला ‘५ जात नाही’ हेसुद्धा कंसात लिहायला सांगा. त्यामुळे ५ तपासला होता की विसरला होता, याबद्दल शंका राहत नाही.

आता दोन्ही बाजू वरून खाली वाचा. डावीकडची संख्या वाढत जाते, उजवीकडची कमी होत जाते. दोघी एकमेकींच्या दिशेनं येत आहेत. शेवटच्या ओळीत त्या ८ आणि ९ पर्यंत पोचल्या. आता डावीकडे पुढची संख्या कोणती? ९. पण ९ तर उजवीकडे आधीच बसला आहे. तो डावीकडे घेतला तर ९ × ८ मिळेल, म्हणजे तीच जोडी उलटी. यापुढचं सगळं असंच उलटं येणार: १२ × ६, १८ × ४. नवीन काही मिळणार नाही. काम इथे संपलं.

सहा जोड्या, बारा विभाजक. डावी बाजू वरून खाली आणि मग उजवी बाजू खालून वर वाचली, तर विभाजक चढत्या क्रमानं आयतेच मिळतात: १, २, ३, ४, ६, ८, ९, १२, १८, २४, ३६, ७२. आता ‘झाले का सगळे?’ असं कुणाला विचारायची गरज नाही.

थांबायचं कुठे, आणि का

वरच्या रीतीत दोन्ही बाजू भेटेपर्यंत आपण चालत राहिलो. भेटीची जागा आधीच माहीत असेल तर काम आणखी सोपं होतं. ती जागा म्हणजे वर्गमूळ. ८ चा वर्ग ६४, ९ चा वर्ग ८१. ७२ या दोघांच्या मध्ये येते. म्हणजे डावीकडे ८ च्या पुढे जायचं कारणच नाही.

याचं कारण मुलांना जरूर सांगा, नुसता नियम देऊ नका. समजा ७२ ची एखादी जोडी आपल्याकडून सुटली आणि तिच्यातल्या दोन्ही संख्या ८ पेक्षा मोठ्या आहेत. म्हणजे दोन्ही निदान ९ तरी असणार. मग त्यांचा गुणाकार निदान ८१ होईल. ७२ होऊच शकत नाही. म्हणून प्रत्येक जोडीतली एक तरी संख्या ८ किंवा त्याहून लहान असतेच, आणि ८ पर्यंतच्या सगळ्या तर आपण तपासल्या आहेत. सहावीतल्या मुलाला ही गोष्ट नीट कळते. ‘सगळं तपासलं’ असं ठामपणे का म्हणता येतं, याचा तो त्याच्या आयुष्यातला पहिला पुरावा असू शकतो.

वर्गमूळ काढायला यावंच लागतं असं नाही. वर्ग आठवा: १० चा १००, १२ चा १४४, १५ चा २२५, २० चा ४००, २५ चा ६२५, ३० चा ९००. दिलेली संख्या कोणत्या दोन वर्गांच्या मध्ये पडते एवढं बघायचं आणि पान सुरू करण्याआधीच वर लिहून ठेवायचं. उदाहरणार्थ, ८४ घेतली तर ९ चा वर्ग ८१, १० चा १००, म्हणून ‘९ पर्यंत’. आता शोधा: १ × ८४, २ × ४२, ३ × २८, ४ × २१, ६ × १४, ७ × १२. ५, ८ आणि ९ ने भाग जात नाही. संपलं.

७२ आणि ८४ ची यादी शेजारी शेजारी ठेवली की दोघांत सामाईक काय ते दिसतं: १, २, ३, ४, ६, १२. त्यातला सगळ्यात मोठा १२, हाच दोघांचा मसावि. मसावि काढायच्या झटपट रीती पुढे येतात, पण ‘महत्तम साधारण विभाजक’ या शब्दांचा अर्थ या दोन याद्यांत जितका स्वच्छ दिसतो तितका त्या रीतींत दिसत नाही.

भागाकार न करता ओळखणं

मोठ्या संख्येला प्रत्येक वेळी भागत बसणं कंटाळवाणं होतं. इथे कसोट्या कामाला येतात. २, ५ आणि १० च्या सगळ्यांना माहीत असतात, शेवटचा अंक बघायचा. ४ साठी शेवटचे दोन अंक बघायचे, कारण १०० ला ४ ने भाग जातोच, शेकड्यांकडे बघायची गरज नाही.

३ आणि ९ ची कसोटी म्हणजे अंकांची बेरीज. ती का चालते हे ७२ वरच बघा. ७२ म्हणजे ७ दशक आणि २ एकक. प्रत्येक दशक म्हणजे ९ अधिक १. सात दशकांतले सात नऊ बाजूला काढले, त्यांना ३ नेही भाग जातो आणि ९ नेही. उरले ७ सुटे एक आणि आधीचे २ एकक. ७ + २ = ९. म्हणजे अंकांची बेरीज ही खरं तर बाजूला उरलेल्या सुट्यांची मोजणी आहे.

६ साठी वेगळी कसोटी नको. २ ने जातो आणि ३ नेही जातो, तर ६ ने जाणारच. पण इथे एक खड्डा आहे. याच चालीवर मुलं म्हणतात, २ ने गेला, ४ ने गेला, म्हणजे ८ ने जाणार. नाही. १२ ला दोन्हींनी भाग जातो, ८ ने जात नाही. २ आणि ३ ही सहमूळ संख्यांची जोडी आहे, त्यांच्यात १ शिवाय काही सामाईक नाही. २ आणि ४ तशा नाहीत. ४ मध्ये तोच २ पुन्हा मोजला गेला. कसोट्या जोडायच्या त्या सहमूळ संख्यांच्याच.

७ ची कसोटी थोडी कमी माहीत असते. शेवटच्या अंकाची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करायची. १६१ घ्या: १६ मधून २ गेले, उरले १४. १४ ला ७ ने भाग जातो, म्हणून १६१ लाही जातो. ७ × २३. आणि ११ साठी एकाआड एक अंकांच्या बेरजांमधला फरक ० किंवा ११ च्या पटीत यायला हवा. १८७ मध्ये १ + ७ = ८ आणि मधला ८, फरक ०. ११ × १७.

कसोट्यांचा आणखी एक फायदा असा की एक नापास झाली तर तिच्या मागची सगळी रांग गळते. संख्या विषम असेल तर ४, ६, ८, १० कुणालाच विचारायला नको. ३ ने जात नसेल तर ६, ९, १२, १५ गेले.

जोड्यांमधूनही जोड्या मिळतात. डावीकडची दुप्पट करा, उजवीकडची निम्मी करा. ७२ मध्ये १ × ७२ वरून २ × ३६, त्यावरून ४ × १८, त्यावरून ८ × ९. पुढे ९ ची निम्म पूर्णांकात येत नाही म्हणून थांबा. तसंच तिप्पट आणि एकतृतीयांश. तोंडी हिशोब करणाऱ्यांना ही वाट फार आवडते. मात्र नुसत्या या वाटेनं गेलात तर शेवटी यादी क्रमानं लावून मधे काही राहिलं नाही ना, हे बघावंच लागतं.

पूर्ण वर्ग आणि मूळ संख्या

३६ च्या जोड्या लिहा: १ × ३६, २ × १८, ३ × १२, ४ × ९, ६ × ६. जोड्या पाच, पण विभाजक दहा नाहीत, नऊ. शेवटच्या जोडीत ६ स्वतःशीच जोडी लावतो, आणि तो एकदाच मोजायचा. असं फक्त पूर्ण वर्ग संख्यांच्या बाबतीत होतं. म्हणून ज्या संख्येचे विभाजक मोजल्यावर विषम भरतात, ती पूर्ण वर्ग. बाकी सगळ्यांचे विभाजक मोजल्यावर सम भरतात.

दुसऱ्या टोकाला मूळ संख्या. ९७ घ्या. १० चा वर्ग १००, म्हणून ९ पर्यंत तपासायचं. २ नाही, ३ नाही, ५ नाही, ७ नाही. ४, ६, ८, ९ तर त्यांच्यासोबतच गेले. एकच जोडी, १ × ९७. ९७ मूळ आहे हे चार प्रश्नांत ठरलं. या चार प्रश्नांचा आळस केला की ९१ फसवते. ती दिसते मूळ संख्येसारखी, पण ७ × १३ आहे. ५१ (३ × १७), ५७ (३ × १९), ८७ (३ × २९), ११९ (७ × १७), १४३ (११ × १३) याही तशाच फसव्या. मूळ आहे की नाही हे चेहऱ्यावरून ठरवू नका.

१ ची एकच जोडी, १ × १, आणि तिच्यात विभाजकही एकच, म्हणून ती मूळही नाही आणि संयुक्तही नाही. शून्याच्या वाटेला जाऊ नका. ० ला कोणत्याही संख्येनं गुणलं तरी ० च येतो, त्यामुळे त्याच्या जोड्या कधी संपणारच नाहीत.

रुपयाचे तीन वाटे

जोड्या जास्त असलेली संख्या व्यवहारात सोयीची असते, हे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनं हातात धरून पाहिलं आहे. जुना रुपया १६ आण्यांचा, आणा १२ पैंचा. म्हणजे रुपयाचे १९२ पै. १९२ च्या जोड्या: १ × १९२, २ × ९६, ३ × ६४, ४ × ४८, ६ × ३२, ८ × २४, १२ × १६. शेवटची जोडी बघा, १२ × १६, तीच पै आणि आण्यांची. रुपयाचे तीन वाटे करायचे तर प्रत्येकी ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै, अगदी काटेकोर. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १०० च्या जोड्या पाचच: १ × १००, २ × ५०, ४ × २५, ५ × २०, १० × १०. यात ३ कुठेच नाही, त्यामुळे तिघांत रुपया वाटला की एक पैसा उरतो. उलट पाच जणांत वाटायला नवा रुपया सोपा, जुन्यात ५ नव्हता. हिशोब लिहायला १०० सोपे हे खरं, पण वाटणी करायला १९२ जास्त उदार होते, असं मला वाटतं. डझन १२ चं, तास ६० मिनिटांचा आणि वर्तुळ ३६० अंशांचं, यांचीही सोय याच गुणात आहे. ६० ला १ पासून ६ पर्यंत प्रत्येक संख्येनं भाग जातो, आणि असं होणारी ती सगळ्यात लहान संख्या आहे.

वर्गसमीकरणात हीच यादी

आठवी-नववीत मधल्या पदाची फोड करायची वेळ येते तेव्हा मुलं पुन्हा अंदाज बांधू लागतात. क्ष चा वर्ग + ११क्ष + २४, याचे अवयव पाडायचे आहेत. गुणाकार २४ आणि बेरीज ११ होईल अशा दोन संख्या हव्यात. अंदाज नको, २४ ची यादी लिहा आणि शेजारी बेरीज व फरक मांडा:

१ × २४ — बेरीज २५, फरक २३
२ × १२ — बेरीज १४, फरक १०
३ × ८ — बेरीज ११, फरक ५
४ × ६ — बेरीज १०, फरक २

बेरीज ११ तिसऱ्या ओळीत आहे. म्हणून (क्ष + ३)(क्ष + ८). शेवटचं पद ऋण असेल, म्हणजे क्ष चा वर्ग + ५क्ष − २४, तर फरकाचा रकाना बघायचा. फरक ५ त्याच ओळीत: (क्ष + ८)(क्ष − ३). आणि मधलं पद १२क्ष, शेवटचं + २४ असेल तर? बेरजांत १२ कुठेच नाही. यादी पूर्ण आहे याची खात्री असल्यामुळे आपण ठामपणे म्हणू शकतो की याचे पूर्णांकांत अवयव पडत नाहीत, मग सरळ सूत्राकडे वळा. अर्धवट यादीवरून असं कधीच म्हणता येत नाही. परीक्षेत दहा-दहा मिनिटं नसलेली जोडी शोधण्यात जातात ती यामुळेच.

संख्या मोठी असेल तर

३६० साठी १८ पर्यंत एकेक तपासणं अजून झेपतं. त्यापुढे मूळ अवयवांची वाट बरी. ३६० ला २ ने जाईल तितकं भागा: १८०, ९०, ४५. मग ३ ने: १५, ५. उरला ५. म्हणजे ३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५.

कोणताही विभाजक या सहा मूळ अवयवांतूनच बनणार. २ किती घ्यायचे, शून्य, एक, दोन की तीन, म्हणजे ४ पर्याय. ३ किती, ३ पर्याय. ५ घ्यायचा की नाही, २ पर्याय. ४ × ३ × २ = २४. म्हणजे ३६० चे विभाजक २४ आणि जोड्या १२. एकही जोडी लिहिण्याआधीच किती सापडायला हव्यात ते कळलं. यादी करून झाल्यावर अकराच आल्या तर कुठेतरी एक राहिली, हे पक्कं. ताडून बघा: १ × ३६०, २ × १८०, ३ × १२०, ४ × ९०, ५ × ७२, ६ × ६०, ८ × ४५, ९ × ४०, १० × ३६, १२ × ३०, १५ × २४, १८ × २०. बरोबर बारा.

पण मूळ अवयवच लवकर सापडत नसतील तर? २४९१ घ्या. २, ३, ५, ७, ११ करत निघालात तर ४३ पर्यंतच्या चौदा मूळ संख्या नापास होतात. इथे दुसऱ्या टोकानं यायचं. आपण आतापर्यंत यादीच्या वरून खाली आलो, आता दोन्ही बाजू जिथे भेटतात तिथून सुरुवात करायची. २४९१ च्या लगेच वरचा पूर्ण वर्ग २५००, म्हणजे ५० चा. २५०० − २४९१ = ९, आणि ९ हा ३ चा वर्ग. मग दोन्ही संख्या ५० − ३ आणि ५० + ३, म्हणजे ४७ × ५३. हे वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र आहे, आठवीत शिकलेलं.

पहिल्या फटक्यात वर्ग आला नाही तर पुढचा वर्ग घ्यायचा. १५३७ साठी ४० चा वर्ग १६००, फरक ६३, वर्ग नाही. ४१ चा वर्ग १६८१, फरक १४४, म्हणजे १२ चा वर्ग. ४१ − १२ = २९ आणि ४१ + १२ = ५३. २९ × ५३ = १५३७. रीत विषम संख्यांसाठी वापरा, सम असेल तर आधी सगळे २ बाहेर काढा. जोडीतल्या दोन संख्या जवळजवळ असल्या तर ती फार लवकर फळते, लांब असल्या तर रेंगाळते, तेव्हा दोन्ही टोकांनी थोडं थोडं बघावं. आपल्याकडे नारायण पंडितांनी १३५६ साली लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त ही रीत दिली आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फर्मा या गणितज्ञानं तीच मांडली आणि आज जगभर ती त्याच्या नावानं ओळखली जाते.

शेवटी एक संख्या, पूर्ण सोडवून

सरावाला मी नेहमी ६१७४ देतो. नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी ती जगाला दिली. चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमानं लावून येणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहा (वजाबाकी तीन अंकी आली तर पुढे ० लावून चार अंक करा). जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते.

तिच्या जोड्या काढू. ७८ चा वर्ग ६०८४, ७९ चा ६२४१, म्हणजे ७८ पर्यंत. एकेक तपासणं लांबेल, म्हणून मूळ अवयव. सम आहे: २ × ३०८७. अंकांची बेरीज १८, म्हणून ९ ने भाग: ३०८७ ÷ ९ = ३४३. आणि ३४३ म्हणजे ७ × ७ × ७. झालं, एक २, दोन ३, तीन ७. पर्याय २, ३ आणि ४. २ × ३ × ४ = २४ विभाजक, बारा जोड्या हव्यात.

आधी ७ न घेता: १, २, ३, ६, ९, १८. मग प्रत्येकाला ७ ने गुणून: ७, १४, २१, ४२, ६३, १२६. ४९ ने गुणून: ४९, ९८ आणि पुढचे मोठे. ७८ पर्यंतचे डावीकडे लिहा, भागाकार करून जोडीदार समोर बसवा:

१ × ६१७४
२ × ३०८७
३ × २०५८
६ × १०२९
७ × ८८२
९ × ६८६
१४ × ४४१
१८ × ३४३
२१ × २९४
४२ × १४७
४९ × १२६
६३ × ९८

मोजा, बारा आहेत. आठवी ओळ पुन्हा बघा. ६ + १ + ७ + ४ = १८, आणि १८ ने ६१७४ ला निःशेष भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं जिला भाग जातो अशा संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ असं नाव दिलं, म्हणजे आनंद देणारी. वर सोडवलेल्या संख्यांत आणखी हर्षद कोणत्या आहेत, ते त्यांच्या याद्यांतून शोधा. ७२ आहे, ८४ आहे, ३६ आहे, ३६० आहे. ९१ नाही.